तीनदाच वाजलेली गाडी

१

सोमवारी दुपारी तीन वाजता जोह्याच्या शेडचं कुलूप उघडलं, तेव्हा इंजिन जमिनीवर पडलेलं होतं. नाक चेपलेलं, पुढची चाकं निखळलेली. वर टेबलावर नागोठण्याच्या वळणावरचा रूळ जागा सोडून दोन बोटं बाहेर आला होता, आणि त्याचे बारीक खिळे खडीत विखुरले होते. साडेअकराला शेड बंद केली तेव्हा इंजिन त्याच वळणावर उभं होतं आणि सगळं जागच्या जागी होतं. मधले साडेतीन तास किल्ली एकाच माणसाच्या खिशात होती. तो माणूस म्हणजे मिथुन.

हे मला मिथुननंच सांगितलं, मंगळवारी सकाळी, पेणला माझ्या ओट्यावर बसून. पुढ्यातल्या चहावर साय धरली तरी त्यानं कप उचलला नाही.

मी बायजाबाई. पेण ते रोहा या पट्ट्यात सत्तावीस वर्षं रेल्वेच्या गँगमध्ये होते. खडी मारली, स्लीपर बदलले, हातोडा खांद्यावर टाकून उन्हातान्हात रूळ तपासत चालले. निवृत्त झाल्यावर लोक देवाला लागतात, मी जोह्याच्या दत्ताभाऊंच्या खेळण्याला लागले.

दत्ताभाऊ मूर्तिकार. गणपतीचे डोळे रेखावेत ते त्यांनीच. काचबिंदूनं त्यांचेच डोळे नेले. पण त्याआधी त्यांनी शेडच्या तीन भिंतींच्या कडेनं साठ फूट टेबल घालून पेण ते रोहा लाइन उभी करायला घेतली होती, जुनी एकेरी लाइन. डोंगर प्लास्टरचे, स्टेशनं नि माणसं शाडूची, इंजिन पत्र्याचं. रुळांना जाणता माणूस हवा होता, म्हणून मी माझ्या शेजारचा मिथुन पाठवला. आईबाप मिठागरावर, पोरगा चोवीस वर्षांचा, हात स्थिर. दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर, त्यात केसाचा फरक झाला तर त्याला जेवण जायचं नाही. मीच तसं शिकवलं होतं.

आता रोह्याच्या नव्या बालवाचनालयाला ही रेल्वे हवी होती. गुरुवारी त्यांचे हैबतराव गुरुजी जोह्याला येणार होते. गाडी दोन तास न घसरता चालली तर रेल्वे रोह्याला जाणार आणि तिची देखभाल करायला मिथुन, कायमच्या नोकरीवर.

"नमितानं काल गुरुजींना फोन केला," मिथुन म्हणाला. "सांगितलं, मिथुनचं नाव काढा. त्यानंच रूळ उपटला."

नमिता म्हणजे दत्ताभाऊंची मुलगी. मूर्तींचा कारखाना आता तीच चालवते.

"तू उपटलास?"

"नाय, मावशी."

"मग बसलास काय? चप्पल घाल."

२

जोह्याला उतरलो तर नमिता शेडच्या दारातच उभी. मिथुनला पाहून तिनं हात आडवा धरला.

"मावशी, तुम्ही या. हा बाहेर."

मी वाद घातला नाही. मिथुनला बाहेर बाकावर बसवलं आणि आत शिरले. खिडक्या बंद होत्या. शेजारच्या कारखान्यात मूर्ती घासायचं काम जोरात होतं, आणि ती पांढरी भुकटी गुरुवारपर्यंत रुळांवर नको, म्हणून नमितानं सोमवारपासून खिडक्या लावून घ्यायला सांगितलं होतं. वर पत्रा. दहा वाजताच माझ्या पाठीवरून घामाची धार लागली.

"पंखा?"

"तो पण बंद. भुकटी उडते."

मी वाकले, गाल टेबलाला टेकला आणि एक डोळा मिटून रुळाच्या रेषेत पाहिलं. आमच्यात असंच बघतात. मग खिळे वेचून तळहातावर घेतले. एकाचंही डोकं चेपलेलं नव्हतं. पकडीनं उपटला असता तर डोक्यावर दात उमटले असते. उलट सगळे खिळे एकाच बाजूला, बाहेरच्या बाजूला, कलून निघालेले.

असा रूळ मी आधी पाहिला होता. एका मे महिन्यात, कासूच्या अलीकडे, भर दुपारी. तो तर खरा रूळ होता, हातभर तुकड्यात वीस किलो लोखंड, तरी सापासारखा आडवा गेला होता. तिथं कुणी माणूस नव्हता.

पण लगेच बोलले नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे काम नमितानं आधीच केलं होतं. आधी सगळ्यांना विचारायचं ठरवलं.

हितेश म्हणजे नमिताचा चुलत भाऊ. कारखान्यात त्याचा अर्धा वाटा. मूर्तीच्या पोटावर भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, घासत होता, हात न थांबवता बोलला. "खरं सांगू मावशी? मला ही शेड मोकळी हवी हाय. तीनशे मूर्ती वाळवायला जागा नाय आणि इथं खेळातली गाडी फिरते. पण ती गुरुवारी रोह्याला गेली की शेड आपोआप मोकळी. मी कशाला मोडेन?"

आदेश वायरमन. टेबलाखालच्या तारा त्याच्या. रोह्याची नोकरी त्यालाही हवी होती, हे अख्ख्या जोह्याला माहीत होतं.

"मागितली होती," तो म्हणाला. "मिथुनला दिली. राग आला, नाय म्हणत नाय. पण सोमवारी सकाळी आठला मीच तीन फेऱ्या चालवल्या, हितेश नि नमितासमोर. गाडी लोण्यावरून गेल्यासारखी गेली. मग मी वडखळला कामावर गेलो. मिथुन अकराला रोह्याहून आला, त्यानं झाडलं, खिडक्या लावल्या, कुलूप घातलं."

"रोह्याहून?"

"रविवारी सकाळीच गेला होता. गुरुजींबरोबर हॉल मोजायला. रातचा तिथंच राहिला."

शेवटी नमिता. आठ दिवसांची झोप तिच्या डोळ्यांत साचलेली, अंगठ्याच्या नखात तपकिरी रंग.

"रविवारी इथं कोण होतं?"

"मीच. सकाळी सहापासून. डोंगराच्या तुकड्यांचे सांधे दिसत होते, ते भरले. रंग मारला. माझ्या बापाचं शेवटचं काम हाय हे, मावशी. रोह्याच्या माणसांनी बोट ठेवता कामा नये."

"आणि रुळाचं काम? ते रविवारी कुणी केलं?"

"रुळाचं काम कुणीच नाय. ते मिथुनचं. त्यानंच घातला नि त्यानंच मोडला. किल्ली दुसऱ्या कुणाकडं होती ते सांगा तुम्ही मला."

"कुणाकडंच नाय," मी म्हटलं. "शेडमधे कुणी माणूस शिरलाच नाय, गो. ऊन शिरलं. रूळ तापून वाढला आणि जागा मिळाली नाय म्हणून आडवा गेला."

नमितानं माझ्याकडे रोखून पाहिलं. तिनं विचारलेला प्रश्न मला खिळ्यासारखा लागला.

"तापून वाढतो, तर त्याला जागा ठेवायची असते ना? मग मिथुननं ठेवली का नाय?"

३

मी बाहेर आले. मिथुनच्या शेजारी बसले.

"सांध्यात फट सोडली होतीस?"

तो उठून उभाच राहिला. खिशातून लग्नपत्रिकेचा एक कातरलेला तुकडा काढला, कडा हाताळून काळ्या झालेल्या. "ही काय. दर तीन फुटांवर रूळ संपतो, तिथं पत्रिकेच्या जाडीची फट. पेणपासून रोह्यापर्यंत वीस सांधे. वीसच्या वीस सांध्यांत ही पत्रिका घालून बघितली हाय मी."

"कुणाच्या लग्नाची?"

"तुमच्या आदितीच्या. जाड होती."

माझ्या पुतणीची पत्रिका. हसू आलं नाही. तो तुकडा घेऊन मी पुन्हा आत गेले. पेण स्टेशनच्या पुढचा पहिला सांधा शोधला. बोटानं शोधला, कारण डोळ्याला दिसेना. पत्रिका लावली. गेली नाही. दुसरा सांधा, तिसरा. कासूपर्यंत सहाच्या सहा. सकाळचे साडेदहा, अजून ऊन चढायचं होतं, फटी थोड्यातरी उघड्या असायला हव्या होत्या. एकही नव्हती. रूळ पेणपासून एकसंध ओढल्यासारखा चकचकीत पुढे गेला होता.

पोरगा खोटं बोलला होता, किंवा मी शिकवलेलं विसरला होता, आणि दोन्हींत मान माझीच खाली जात होती. सत्तावीस वर्षांत माझ्या भागात एक गाडी घसरली नाही. घसरली ती ही, मुठीएवढी.

दारातून नमिता म्हणाली, "सापडलं, मावशी?"

"थांब जरा," मी म्हटलं. "अजून एक माणूस विचारायचा राहिलाय."

४

दत्ताभाऊ शेडच्या पडवीत खुर्चीवर बसलेले असतात, सकाळी आठपासून जेवणवेळेपर्यंत, पाठ भिंतीला लावून. त्या भिंतीच्या पलीकडे टेबल. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. दिसत नाही त्या माणसाला काय विचारायचं, असं वाटलं असणार. काखेत कळसा नि गावाला वळसा.

"बायजा ना?" ते म्हणाले. "खडीत चालल्यासारखं पाऊल टाकतेस अजून."

"भाऊ, सोमवारी सकाळी गाडी ऐकलीत?"

"सोमवारी गाडी चाललीच नाय नीट."

मागून नमिता कुजबुजली, "अण्णांना हल्ली कळत नाय, मावशी. तीन फेऱ्या झाल्या, आम्ही तिघं उभे होतो."

"मला आंधळा म्हण, बहिरा म्हणू नको," दत्ताभाऊ शांतपणे म्हणाले. मग हात माझ्या दिशेनं करून बोटं मोडू लागले. "बघ बायजा. पेण सुटली की सहादा वाजते. खटक, खटक. सहावी वाजली की कासू. मग पाच, नागोठणं. मग नऊ, रोहा. वीस. रोज सकाळी मी बसतो नि गाडीतून जाऊन येतो. शनिवारपर्यंत वीसच्या वीस वाजल्या. सोमवारी मोटरीची घरघर होती, पण वाजली तीनदाच. तीही सगळ्यांत शेवटी, रोह्याच्या अंगाला. तिन्ही फेऱ्या तशाच. मला वाटलं, पोरं डोंगरातल्या डोंगरात गाडी पुढंमागं करतायत."

मी पडवीतून जवळजवळ पळतच आत गेले.

सांध्यावरून चाक गेलं की खटक वाजते, कारण तिथं फट असते. शनिवारपर्यंत वीसदा वाजली, म्हणजे शनिवारपर्यंत वीस फटी होत्या. मिथुन खरं बोलला होता. आणि सोमवारी सकाळी तीन उरल्या होत्या. आदेश म्हणाला होता, लोण्यावरून गेल्यासारखी. तीन माणसांनी तेच ऐकलं होतं आणि तिघांनाही ते कौतुकाचंच वाटलं होतं.

टेबलाखालून सरपटत मी रोह्याच्या बाजूला निघाले. तिथं शेवटच्या मोठ्या डोंगरामागून रूळ जातो, तो समोरून दिसत नाही. टॉर्च लावला. एक, दोन, तीन सांधे. तिन्हींत पत्रिका सुळकन गेली.

मग समोर येऊन कासूचा सांधा ब्लेडनं खरवडला. आधी तपकिरी रंगाचा पापुद्रा निघाला. त्याखाली करड्या रंगाची लांबी होती, मळून लावतात ती, सुकली की दगड होणारी.

कुणीतरी सतरा फटी बुजवल्या होत्या, आणि त्यांवर गंजाचा रंगसुद्धा मारला होता.

५

आता हिशेब सोपा होता आणि मला तो करावासा वाटत नव्हता.

हे शनिवारनंतर आणि सोमवारी आठच्या आत झालं. तेव्हा मिथुन रोह्याला होता, गुरुजी साक्षीला. लांबी भरली तेव्हा फट पुरी उघडी होती, म्हणजे वेळ सकाळची, गारव्याची. रविवारी खिडक्या उघड्या, पंखा चालू, म्हणून रूळ निभावला. सोमवारी सगळं बंद करून पत्र्याखाली कोंडल्यावर त्यानं तोंड फिरवलं, आणि वळणावर उभं असलेलं इंजिन फेकलं.

आदेशला मोडायचीच असती तर त्यानं एक तार सैल केली असती. वाईटावर उठलेला माणूस सतरा सांधे ओल्या बोटानं साफ करून वर रंगाची छटा जुळवत बसत नाही. ज्यानं हे केलं त्याला काम चांगलं करायचं होतं. आणि मागचे तीन सोडले, कारण ते बघणाऱ्याला दिसत नाहीत. मूर्तीच्या पाठीवर कुणी एवढी मेहनत घेत नाही. जोह्यात आणि हमरापुरात साच्याचे दोन भाग जोडून मूर्ती निघाली, की पहिलं काम सांधा बुजवायचं. सांधा दिसणारी मूर्ती कारखान्याबाहेर जातच नाही. इथं फट म्हणजे राहिलेलं काम. आम्हा रेल्वेवाल्यांना तीच फट म्हणजे जीव.

तेव्हा हात कारखान्यातला होता. म्हणजे दोघांपैकी एकाचा.

वळणावरच्या रुळाचा तुकडा तसाही बदलायचाच होता. तो भरलेल्या सांध्यासकट कापून मी पडवीत नेला. हितेशला हाक मारली. नमिता मागोमाग आलीच.

"भाऊ, यात एक सांधा हाय. शोधा बघू."

दत्ताभाऊंनी तुकडा गुडघ्यावर आडवा ठेवला आणि अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. परत आणला. पुन्हा नेला. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद पसरला.

"लागत नाय गो बोटाला. काय सफाई हाय. हितेश घाई करतो, त्याची कड राहते. हा हात तर..."

आणि ते थांबले. रूळ काय असतो, तुकडा कशाचा असणार, सोमवारी काय ऐकू आलं नव्हतं, सगळं एकदम त्यांच्या ध्यानात आलं असावं. अंगठा तिथंच राहिला. मग त्यांनी तुकडा धोतराच्या सोग्यात झाकून घेतला, पोरीचं काहीतरी लपवावं तसा.

"कळत नाय मला," ते म्हणाले. "हल्ली कळत नाय."

पलीकडे मूर्ती घासल्याचा आवाज तेवढा येत होता.

"अण्णा, द्या तो इकडं," नमिता म्हणाली. "मीच भरले. डोंगराचे भरत होते, लांबी उरली होती. रुळाला जागोजाग चिरा दिसल्या. मला वाटलं, मिथुनच्या हातून राहिल्या. त्याला कमीपणा नको म्हणून कुणाला बोलले पण नाय." ती खाली बसली. "मावशी, तुम्ही विचारलंत, रुळाचं काम कुणी केलं. मला ते आठवलंसुद्धा नाय. सांधा बुजवणं हे काय काम असतं?"

मी रेल्वेतली बाई, मला हवालदारासारखा राग यायला हवा होता. आला नाही. पण सोडलंही नाही.

"फोन तू केलास," मी म्हटलं. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस, ती दोरी तूच सोडवायची. आणि त्याआधी सतरा सांधे कापायचेत. गुरुवारला दीड दिवस उरलाय."

६

दीड दिवस आम्ही पाठ सरळ केली नाही. मिथुन बारीक करवतीचं पातं घेऊन एकेक सांधा उघडत गेला, मी मागून पत्रिका घालून तपासत गेले. वळणावर नवा रूळ घातला. आदेशनं न बोलावता येऊन चाकं बसवली. हितेशनं इंजिनचं नाक ठोकून बाहेर काढलं, जरा चपटं राहिलं ते राहिलंच. खिडक्या उघडल्या, पंखा लावला. भुकटी येईल तेव्हा पुसू, असं नमिताच म्हणाली. मिथुनशी ती कामापुरतं बोलत होती, आणि दर वेळी आधी त्याच्या हाताकडे बघत होती.

गुरुवारी दहाला हैबतराव गुरुजी आले. फाइल उघडायच्या आत नमिता पुढे झाली.

"गुरुजी, सोमवारी मी मिथुनचं नाव काढायला सांगितलं, ते खोटं होतं. रूळ माझ्यामुळं वाकला. मी सांधे बुजवले. त्याचं काम बरोबर होतं. रेल्वे नेलीत तर त्याच्यासकट न्या, नाहीतर राहू द्या इथंच."

गुरुजींनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "ते गाडी ठरवेल," ते म्हणाले.

गाडी सुटली. आज दत्ताभाऊंची खुर्ची आत आणली होती. खटक. खटक. त्यांची बोटं गुडघ्यावर मिटत होती. सहाव्याला ते पुटपुटले, "कासू." मग पाच. "नागोठणं." नव्या वळणावरून चपटं नाक डौलात गेलं. गाडी डोंगराआड शिरली, बाहेर आली, रोह्याला थांबली.

गुरुजी मान डोलावून लिहू लागले.

"आठच," दत्ताभाऊ म्हणाले.

सगळे वळले.

"नागोठण्यापासून आठच वाजल्या. नागोठण्याच्या पुढचा दुसरा. तो बंद हाय."

मी त्या सांध्याशी जाऊन पत्रिका लावली. गेली नाही. सतरा तपासले असं मी समजत होते, पण झाले होते सोळाच, हा एक राहून गेला होता. म्हातारपण, दुसरं काय.

मिथुननं खिशातून पातं काढलं. सांध्यापर्यंत गेला, थांबला, आणि ते नमितापुढे धरलं. ती टेबलावर वाकली. आयुष्यभर सांधे बुजवलेला तो हात आता सांधा उघडायला लागला. करडी भुकटी पडली. मिथुननं पत्रिका घातली. गेली.

"परत सोडा," गुरुजी म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण लावून ठेवलं होतं. दोन तास मोजायला आता सुरुवात झाली.

पेण सुटली. सहा. पाच. नमिता बापाच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली होती आणि तिची बोटंही मिटत होती. मग शेवटच्या, डोंगरातल्या तीनही वाजल्या. नऊ.

"रोहा आलं," दत्ताभाऊ म्हणाले, आणि उतरायला पायानं चपला चाचपू लागले.